प्रार्थना थांबली ती नेमकी केव्हा?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील वगळून):

नगर जिल्ह्यातल्या एका गावचा अठ्ठावीस वर्षांचा तरुण. आईवडील शेतमजूर. शाळा मराठी माध्यमाची, नंतर बी.ए. गावच्या मंडळीने (चर्चच्या सभासदांनी) शिफारस केली, धर्मप्रांताने खर्च उचलला आणि पाळक होण्यासाठी तो बंगळुरूच्या एका सेमिनरीत बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी करायला गेला. ‘एकटा जाऊ नकोस, लग्न करून जा,’ असं वडीलधाऱ्यांनी सांगितल्यामुळे जाण्याआधी दोन महिने लग्न झालं. पत्नी जीएनएम झालेली नर्स. मिशन हॉस्पिटलातली तीन वर्षांची नोकरी सोडून ती त्याच्याबरोबर गेली. सध्या दुसरं वर्ष चालू आहे. तो लिहितो: जुलैत जुन्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागाच्या, वर्गात शिकवलं की मोशेची पाच पुस्तकं एकट्या मोशेची नाहीत आणि यशयाचं पुस्तक एकाच यशयाचं नाही. ते ऐकून पायाखालची वाळू सरकली. दिवाळीपर्यंत आम्ही दोघं रोज संध्याकाळी प्रार्थनेला बसायचो, आता ते बंद झालं. चॅपलमध्ये नुसता बसून येतो. तिला काही सांगितलेलं नाही, कारण तिचा साधा विश्वास मोडायला नको. तिला इथली भाषा येत नाही, ती दिवसभर क्वार्टरमध्ये असते. मध्ये दिवस गेले होते, पण नोव्हेंबरात, तिसऱ्या महिन्यात, राहिलं नाही. आता ती म्हणते, ‘मला परत ड्युटीवर जायचंय.’ मंडळीतले वडीलधारे ऐकवतात, ज्याला स्वतःचं घर चालवता येत नाही तो देवाची मंडळी काय सांभाळणार. मी सेमिनरी सोडू का? विश्वास नसताना शिकत राहणं हा ढोंगीपणा नाही का? आणि तिला कसं समजावू?

प्रिय भावा,

जय ख्रिस्त. तू माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा आहेस, म्हणून अरेतुरे करते. मी पाळकाच्या घरात वाढले. तुझ्या पत्रातली क्वार्टर, चॅपलची घंटा, महिन्याअखेरची ओढाताण माझ्या ओळखीची आहे. माझे आईवडीलही लग्नानंतरच सेमिनरीत गेले होते. हे सदर वाचणाऱ्या अनेकांना ‘सेमिनरी’ म्हटलं की कॅथलिक फादर आठवतात. त्यांना आयुष्यभर अविवाहित राहायचं असतं, म्हणून तिथे संसाराचा प्रश्न येत नाही. प्रोटेस्टंट पाळकाला मात्र बायको-मुलं असतात. आपल्याकडे तर मंडळीला पाळकसाहेबांच्या बरोबरीने पाळकीणबाईही हव्या असतात. त्यामुळे शिकतो एकजण आणि तीन-चार वर्षं घर दोघांचं मोडतं, हे प्रोटेस्टंट सेमिनरीत सर्रास घडतं. तुझ्यासारखी पत्रं याआधीही आली आहेत. बहुतेक पत्रांत खर्चाचा किंवा इंग्रजीचा प्रश्न असतो. तुझा वेगळा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तुझ्याच पत्राकडे बघू. मोशेवर तू पानंच्या पानं लिहिली आहेस. कुठल्या तासाला कोण काय म्हणालं, तू वहीत काय उतरवून घेतलंस, सगळं आहे. पत्नीबद्दल थोडंसं आहे, आणि गेलेल्या बाळाबद्दल एकच वाक्य. तेही तिला भाषा येत नाही आणि तिला नोकरी हवी आहे या दोन वाक्यांच्या मध्ये. आता तारखा बघ. तो वर्ग जुलैत झाला. प्रार्थना दिवाळीपर्यंत चालू होती, हे तूच लिहिलं आहेस. म्हणजे मोशेची पाच पुस्तकं कुणी लिहिली हे ऐकल्यावरही तीनेक महिने तुम्ही दोघं रोज संध्याकाळी बसत होता. ते थांबलं नोव्हेंबरात.

इतक्या दूरून तुझ्या मनाचं निदान करायचा मला अधिकार नाही. पण एवढं विचारते: तू बाळासाठी प्रार्थना केली होतीस का? रक्त जायला लागलं त्या रात्री केली होतीस का? आणि ती ऐकली गेली नाही, हे तू कुणाजवळ बोललास का? सेमिनरीत शंकेबद्दल बोलायला शब्द मिळतात. जर्मन विद्वानांची नावं मिळतात, निबंध लिहिता येतो. न जन्मलेल्या मुलाबद्दल बापाने काय बोलावं, हे कुणी शिकवत नाही. मला वाटतं तुझा राग आणि दुःख आलं एका वाटेने आणि बाहेर पडतंय दुसऱ्या वाटेने. हे चुकीचं असेल तर सोडून दे. पण जुलै आणि नोव्हेंबर, या दोन महिन्यांकडे एकदा शांतपणे बघ.

म्हणून वर्गातला प्रश्न खोटा ठरत नाही. तोही खरा आहे आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवं. गावाकडे पवित्र शास्त्र (बायबल) एका हाताने लिहून आकाशातून आल्यासारखं शिकवलं जातं, आणि सेमिनरीत पहिल्याच वर्षी ते वेगवेगळ्या काळातल्या माणसांनी लिहिलं, जोडलं, जपलं असं समजतं. या दोन्हींच्या मध्ये कुणीतरी हात धरून न्यायला हवं असतं. बऱ्याचदा तसं कुणी नसतं. त्यात इंग्रजी कच्चं असेल तर वर्गातलं अर्धं कळतं, आणि जे कळतं ते नेमकं मोडतोडीचं असतं. उभारणीचं पुढच्या सत्रात येतं, तोवर विद्यार्थी हादरलेला असतो.

त्या पाच पुस्तकांतल्या शेवटच्या, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात मोशेच्या मरणाची आणि पुरण्याची हकीकत आहे. ती त्याने स्वतः कशी लिहिली असेल, हा प्रश्न जुन्या यहुदी धर्मगुरूंनाही पडला होता. तालमूद या यहुदी धर्मग्रंथात त्याची चर्चा आहे, आणि शेवटची आठ वचनं मोशेनंतरच्या पुढाऱ्याने, यहोशवाने लिहिली असं एक मत तिथे नोंदलेलं आहे. ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात वेगवेगळे मूळ लेख गुंफले आहेत असं १७५३ साली नीट मांडणारा माणूस आस्त्र्युक नावाचा फ्रेंच वैद्य होता. त्याला मोशेला खाली खेचायचं नव्हतं, उलट त्याची बाजू राखायची होती. मोशेने हाती असलेले जुने लेख एकत्र केले, असं त्याचं म्हणणं. तू ज्याच्या नावाने इतका अस्वस्थ झालास त्या वेलहाउझेन या जर्मन विद्वानाचा ग्रंथ १८७८ चा. त्याच्याबद्दल एक गोष्ट तुला वर्गात सांगितली का, मला माहीत नाही. १८८२ साली त्याने धर्मशास्त्राच्या विभागातल्या प्राध्यापकीचा राजीनामा दिला. आपल्या शिकवण्याने विद्यार्थी चर्चच्या सेवेसाठी तयार होत नाहीत, अशी टोचणी त्याला लागली होती. आज तुला जी लागली आहे, ती त्या वर्गाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसालाही लागली होती. तो त्या कामातून बाहेर पडला. त्याच पद्धती शिकून लाखो माणसं पुढे पाळक झाली, मरणाऱ्यांच्या उशाशी बसली, बाप्तिस्मे दिले. दोन्ही प्रामाणिक असू शकतात. शंका आली म्हणजे सोडलंच पाहिजे, नाहीतर मी ढोंगी, हा जो हिशेब तू मांडला आहेस तो मला पटत नाही.

माझ्या वडिलांच्या कपाटात असली जाड इंग्रजी पुस्तकं होती. मार्जिनमध्ये त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. व्यासपीठावरून त्यांनी त्यातलं अवाक्षर काढलं नाही. ‘मंडळीला झेपणार नाही,’ म्हणायचे. मला हे मान्य नाही. गावच्या मंडळीचा विश्वास काचेचा असतो असं शिकलेल्या माणसांना वाटतं. तुझी आई आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबली. पाऊस आला नाही, पोरं आजारी पडली, तरी रविवारी देवळात आली. मोशेने पाच पुस्तकं लिहिली या माहितीवर तिचा विश्वास उभा आहे, असं तुला खरंच वाटतं?

हेच तुझ्या पत्नीबद्दलही विचारते. ‘तिचा साधा विश्वास’ असं तू लिहिलंस तिथे मी थबकले. जी मुलगी तीन वर्षं वॉर्डात होती, तिने रात्रपाळीत माणसं जाताना पाहिली असतील. प्रार्थना करणाऱ्यांची गेली आणि न करणाऱ्यांची वाचली, असंही पाहिलं असेल. नातेवाइकांच्या हातात मृत अर्भक तिने दिलं नसेल कशावरून? तिचा विश्वास साधा असेल, पण तो अडाणी नक्कीच नाही. देव ऐकतो का, हा प्रश्न तुझ्या आधी तिला पडला असण्याची शक्यता जास्त आहे. तू तिला शंकेपासून वाचवतो आहेस असं तुला वाटतं. तिला मात्र एवढंच दिसतं की मूल गेल्यापासून नवरा तिच्याबरोबर प्रार्थनेला बसत नाही. यातून ती काय अर्थ काढत असेल, याचा विचार कर. ‘माझ्यामुळे झालं असं याला वाटतं’ किंवा ‘मी याच्या सेवेच्या आड येते.’ खरं कारण ऐकून तिला जेवढा त्रास होईल, त्याहून हा अर्थ कितीतरी क्रूर आहे.

म्हणून पहिली गोष्ट हीच: तिला सांग. मोशेपासून सुरुवात करू नकोस, बाळापासून कर. ‘त्या दिवसापासून मला प्रार्थना जमत नाही,’ एवढं म्हण आणि मग तिला बोलू दे. ती रडली तर वचन शोधू नकोस. ‘देवाची इच्छा’ हे शब्द त्या संध्याकाळी तोंडातून काढू नकोस. ते तिने इतरांकडून भरपूर ऐकले असणार. कुणी ‘विश्वास कमी पडला’ म्हणालं असेल तर ते खोटं आहे, हे मात्र तिला स्पष्ट सांग. दिवस गेल्याचं कळल्यानंतर शंभरातल्या दहा ते वीस गर्भारपणांत गर्भ राहत नाही. पहिल्या तीन महिन्यांत त्याचं कारण बहुतेकदा गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतं. आईच्या चालण्या-उचलण्याचा, प्रवासाचा किंवा कुणाच्या पापाचा त्यात काही संबंध नसतो. तिला नर्स म्हणून हे माहीत असेलच. पण माहीत असणं वेगळं आणि नवऱ्याच्या तोंडून ऐकणं वेगळं.

ती दुपारभर झोपून असते, जेवण कमी झालंय, असं तू ओझरतं लिहिलं आहेस. हे आळसाने किंवा घरच्या आठवणीने होतं असं धरून चालू नकोस. गर्भ गेल्यानंतर नैराश्य येऊ शकतं, ते उपचाराने बरं होतं. जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा, मनाबद्दलही बोला. भाषेची अडचण असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, भाषा निवडून मराठीत बोलता येतं. तूही बोल. बापाचंही काहीतरी गेलेलं असतं.

आता तिच्या नोकरीविषयी. तू लिहितोस, ‘माझं पाचारण (देवाचं बोलावणं) तिला कळत नाही.’ तिच्या पाचारणाचं काय? मिरज, जालना, नगर इथल्या मिशन इस्पितळांनी आपल्या मुलींच्या पिढ्या नर्सिंगमध्ये घातल्या. आपल्या समाजाने महाराष्ट्राला जे दिलं, त्यात या नर्सेसचा वाटा पाळकांपेक्षा कमी नाही, हे मी अगदी गंभीरपणे म्हणते. तिने तीन वर्षं जखमा बांधल्या, आणि ती सोडून आली तेव्हा कुणी निरोप समारंभात तिच्यासाठी हात ठेवून प्रार्थना केली नसेल. तुझ्यासाठी केली. ती म्हणते, मला ड्युटीवर जायचंय. यात तुला अविश्वास ऐकू येतो. मला ऐकू येतं की एका हुशार बाईला सकाळी उठून कुठेतरी आपली गरज असावी असं वाटतंय. सेमिनरीत विद्यार्थ्यांच्या पत्नींसाठी शिवण, केक, रविवारच्या शाळेची गाणी असे वर्ग असतात. ते वाईट नाहीत, काहींना आवडतात. पण सलाइन लावणाऱ्या हातांना दोन वर्षं तेवढंच दिलं, तर ते हात कंटाळणारच.

नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात प्रिस्किल्ला आणि अक्विला हे जोडपं भेटतं. दोघं तंबू शिवायची, दोघं पौलाबरोबर काम करायची, आणि अपुल्लोसासारख्या विद्वान वक्त्याला घरी नेऊन दोघांनी मिळून शिकवलं. बायकोने पोटापाण्याचा धंदा सोडला तरच नवऱ्याची सेवा खरी, असं तिथे कुठेही नाही. आमच्या घरी आई शाळेत शिकवायची. मंडळीतल्या काही जणांना ते खटकायचं. पाळकीणबाई आजाऱ्यांच्या भेटीला येत नाहीत, अशी तक्रार कमिटीत झालेली मला आठवते. पण वडिलांचा पगार तीन-तीन महिने थकायचा, तेव्हा किराणा आईच्या पगारातून यायचा. तिच्या नोकरीमुळे वडिलांना कुणापुढे मिंधं व्हावं लागलं नाही, आणि म्हणूनच ते व्यासपीठावरून कुणाला न घाबरता बोलू शकले.

मंडळीतले वडीलधारे तुला जे वचन ऐकवतात ते नव्या करारात तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं आहे, तिसऱ्या अध्यायातलं. ते वचन बायकोला गप्प बसवण्यासाठी वापरलं जातं, हे आपल्याकडचं दुखणं आहे. घर चालवणं म्हणजे घरात काय चाललंय हे माहीत असणं, असा त्याचा अर्थ घेतलास तर ते वचन तुला उपयोगी पडेल. आणि त्यांना कुणी विचारावं की अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायातलं पाचवं वचन त्यांनी वाचलंय का. ज्याने नुकतंच लग्न केलंय त्याने लढाईवर जाऊ नये, त्याच्यावर कुठलंही काम लादू नये, वर्षभर घरी मोकळं राहून त्याने बायकोला आनंद द्यावा, असं नियमशास्त्र सांगतं. लग्न करून दोन महिन्यांत परक्या भाषेच्या शहरात पाठवताना हे वचन कुणाला आठवलं नाही. मोशेने लिहिलं असो वा नसो, ते किती शहाणपणाचं आहे बघ.

आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासातून दोन माणसं तुझ्यासमोर ठेवते. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. निर्णय त्यांनी एकट्याने घेतला आणि त्याची किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ताटातुटीत, अपमानात, माहेर-नातेवाइकांच्या दारात मोजली. पुढे त्या त्यांच्याकडे आल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. स्वतःच्या वेळेने, स्वतःच्या विचाराने १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक नगरच्या सेमिनरीत शिकवायचे. पण विश्वास म्हणजे काय हे समजून घ्यायचं, तर मला त्यांच्या व्याख्यानांपेक्षा लक्ष्मीबाईंचा तो पाच वर्षांचा काळ जास्त शिकवतो. बायकोला तिच्या वेळेने येऊ द्यावं लागतं, आणि आधी सगळं तिच्यासमोर मांडावं लागतं.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्रैक्यापासून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीपासून) चर्चच्या अधिकारापर्यंत अनेक गोष्टींवर त्यांनी आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिनशी आणि इतरांशी पत्रांतून अक्षरशः वाद घातला. न पटलेलं पटलं म्हणायला त्यांनी साफ नकार दिला. याच बाईंनी उतारवयात केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते छापून पूर्ण झालं. प्रश्न विचारल्याने त्यांची वाट बंद झाली नाही. पण त्यांनी प्रश्न गिळले नव्हते, हे ध्यानात घे. समोरच्या माणसाला लिहून कळवले होते. तू गिळून बसला आहेस, तिकडे प्राध्यापकांपाशी आणि इकडे घरीही.

तेव्हा एखाद्या शिक्षकाकडे जा. जुन्या कराराचेच सर हवेत असं नाही. ज्यांनी काही वर्षं प्रत्यक्ष मंडळी सांभाळली आहे असे कुणी बघ, आणि त्यांना एकच विचार: ‘हे सगळं माहीत असताना तुम्ही अंत्यविधीला उभे राहून काय बोलायचात?’ उत्तर ऐकून तुझा प्रश्न सुटेल असं नाही, पण प्रश्नाची जागा बदलेल. इंग्रजीची अडचणही त्यांना सांग. न कळल्यामुळे आलेली भीती आणि कळल्यामुळे आलेली शंका यांत फरक करता यायला हवा, आणि सध्या तुझ्या पत्रात दोन्हींची सरमिसळ झाली आहे असं मला वाटतं.

रविवारी तुला फील्डवर्कला पाठवतात तिथे संदेश द्यावा लागत असेल. जे तुला आज मनापासून म्हणता येतं, तेवढंच बोल. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी आशेचं एक वाक्यही नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, आणि देवाकडे तोंड करून म्हटलेलं आहे. त्यावर बोल. सगळं गमावलेल्या ईयोबावर बोल. देवाशी भांडणाऱ्या ईयोबाचं बोलणं योग्य ठरलं आणि देवाची बाजू घेऊन उपदेश करणारे त्याचे मित्र चुकले, हे त्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात देवच सांगतो. मात्र व्यासपीठावर आपल्या शंकांची कबुली देत बसू नकोस. लोक आपापलं ओझं घेऊन आलेले असतात, तुझं त्यांच्या डोक्यावर ठेवू नकोस. त्यासाठी शिक्षक आहेत, घर आहे.

सोडण्याबद्दल माझं मत असं: या वर्षी सोडू नकोस. सुतकात घेतलेला निर्णय पुढे आपला वाटत नाही. सत्र पुरं कर, आणि दरम्यान दोघं मिळून बाकीच्या वाटा तपासा, कारण ‘राहणं किंवा सोडणं’ एवढ्या दोनच वाटा नाहीत.

तिला बंगळुरूतच काम मिळू शकतं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी कर्नाटकात आपोआप चालत नाही, आपल्या कौन्सिलकडून ना हरकत घेऊन तिकडच्या कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून या महिन्यातच सुरुवात करा. कन्नड ती वॉर्डात शिकेल, पुस्तकातून शिकण्यापेक्षा लवकर. मात्र रात्रपाळ्या लागल्या तर स्वयंपाक तुला करावा लागेल. पेपर असला तरी.

ती काही महिने परत जाऊन जुन्या नोकरीवर रुजू झाली, तरी संसार मोडला असं होत नाही. पण मग किती दिवस, कुणी केव्हा कुणाकडे जायचं, पैसे कसे वाटायचे, हे जाण्याआधी ठरवा. न ठरवता गेलेली माणसं परत येताना अवघडतात. आणि गावाला काय सांगायचं तेही दोघांनी मिळून ठरवा, नाहीतर ‘भांडून गेली’ ही बातमी तिच्या आधी पोचेल.

तिसरं, जागा बदलणं. यवतमाळला १९५३ साली सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ पासून पुण्यात आहे. दुसऱ्या वर्षानंतर बदली घेता येते का, पूर्ण केलेले विषय धरले जातात का, हे तुझ्या कॉलेजच्या रजिस्ट्रारला विचार. शिकवणं तिथेही इंग्रजीतच आहे. पण फाटकाबाहेर पडल्यावर तिला भाजीवाल्याशी बोलता येईल, सासर-माहेरचं कुणी एसटीने येऊन दोन दिवस राहू शकेल, आणि तिची नोंदणीही चालेल. धर्मप्रांताने तुला बंगळुरूला का पाठवलं याला काही कारणं असतील, ती बिशपसाहेबांना नीट विचार. एक वर्षाची रजा हाही मार्ग असतो. अनेक ठिकाणी अभ्यासक्रमातच मंडळीत काम करण्याचा काळ असतो, तो आधी घेता येईल का तेही विचार.

आणि या सगळ्यानंतर, समज येत्या वर्षी, तुला शांतपणे वाटलं की हे माझं काम नाही, तर जरूर सोड. बिशपांना स्वतः भेटून सांग, चिठ्ठी पाठवू नकोस. खर्चाबाबत काही करार केला असेल तर तो वाचून जा. ज्यांनी तुझ्यासाठी पैसे जमवले त्यांना तोंड दाखवणं कठीण जाईल, पण मनातून निघून गेलेला पाळक चाळीस वर्षं सांभाळण्यापेक्षा मंडळीला ते परवडेल.

तुझ्यासारख्यांच्या पत्नी हे वाचत असतील तर त्यांनाही सांगते: तुम्हाला काय हवंय हे नवऱ्याला स्पष्ट शब्दांत सांगा. क्वार्टरमधल्या इतर जणींत तुमच्यासारखीच घुसमट असलेली एखादी नक्की असेल, तिला शोधा. आणि तुम्ही शिकलेल्या असाल तर आपली नोंदणी, आपली सर्टिफिकेटं, आपलं बँक खातं चालू ठेवा.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिट्यांना आणि धर्मप्रांताच्या कचेऱ्यांना माझी मनापासून विनंती आहे. मुलाखतीला मुलाला बोलावता तेव्हा लग्न झालेलं असेल तर तिलाही बोलवा, आणि तिला तिच्या कामाबद्दल विचारा. ‘लग्न करून जा’ हा सल्ला देताना निदान एक वर्ष दोघांना घरी राहू द्या. शिष्यवृत्तीच्या हिशेबात तिच्या वर्षातून दोन वेळच्या रेल्वे तिकिटाची आणि दवाखान्याच्या खर्चाची तरतूद ठेवा. विद्यार्थ्याचं प्रगतिपुस्तक मागवता, तसं वर्षातून एकदा मंडळीतल्या कुणी जाणत्या बाईला तिच्याशी बोलायला पाठवा किंवा निदान फोन करायला सांगा, आणि ती जे बोलेल ते कमिटीपुढे वाचू नका.